तिसरी तक्रार

गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

आज त्या मुलीला मी मूर्ख म्हटलं. तोंडावर म्हटलं. ती हसली आणि चहात बिस्किट बुडवत राहिली. आमच्या शाळेत सिस्टर फिलोमिना असं बिस्किट बुडवणाऱ्या मुलीला उभं करत.

सुकेशनी पाणी शुद्ध करायची मशिनं विकते. गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदा दारात उभी राहिली, पाठीला सॅक आणि हातात पेनासारखं एक यंत्र. माझ्या माठातल्या पाण्यात ते बुडवून म्हणाली, "मॅडम, क्षार सहाशे दाखवतंय." मी म्हटलं, "दाखवू दे त्याला. मी एकोणसत्तर वर्षं हेच पिते आहे." तेव्हापासून दर गुरुवारी चारला येते. दुकानाच्या भाषेत याला फॉलो-अप म्हणतात. मी मशीन घेतलेलं नाही, घेणार नाही, हे तिला दर वेळी स्पष्ट सांगते. तरी येते. पायपीट करून आलेल्या माणसाला चहा द्यावा लागतो, म्हणून देते.

तर आजची बातमी. दुकानाचे मालक फारूखभाई पाच नव्या लोकांची टीम करताहेत. हिला म्हणाले, तू संभाल ले, टीम लीड. फिलहाल पंधरा देंगे, बाकी बाद में देखेंगे.

"आणि तू काय म्हणालीस?"

"हौ म्हणलं."

मी कागद घेतला. आत्ता तिला तेरा हजार पगार आणि मशीनमागे चारशे. महिन्याला अठरा-एकोणीस मशिनं जातात. टीम लीडने स्वतः विकायचं नाही, इतरांकडून विकून घ्यायचं. म्हणजे ते चारशे गेले. बेरीज केली, ती वीस हजारांच्या वर गेली, आणि कागद तिच्याकडे फिरवला.

"मंग ही बढती व्हय का घट, मॅडम?"

तेव्हा मी तो शब्द वापरला.

बाद में देखेंगे! चिकलठाण्याच्या कंपनीत मी अकरा वर्षं पूर्ण ऑफिस चालवलं. "इनचार्ज तुम्हीच की," असं साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे म्हणत. कागदावर शेवटपर्यंत स्टेनो. निवृत्तीच्या दिवशी शाल दिली, नारळ दिला आणि भाषणात माझं आडनाव चुकवलं. मला त्याचं काही वाटत नाही. हिने तसं करू नये एवढंच.

रविवार, ७ सप्टेंबर

सुदर्शनचा पुण्याहून फोन. भावाचा मुलगा. एक मिनिट चाळीस सेकंद. "आत्या, तब्येत?" "ठीक." "काही लागलं तर सांग." काय लागतं हे सांगायला घ्यावं तर त्याची गाडी सुटलेली असते.

फारूखभाईंना द्यायचं पत्र इंग्रजीत लिहून काढलं. दोन पानं. शेवटचा परिच्छेद चार वेळा बदलला. सिस्टर फिलोमिनांनी वर्गात वाचून दाखवलं असतं. सकाळी अकराला बसले ती तीनला उठले, जेवायचं राहिलं. कितीतरी दिवसांनी रविवार लवकर संपला.

गुरुवार, ११ सप्टेंबर

पत्र नको म्हणाली!

"मॅडम, इंग्रजी लई भारी हाय, पर फारूखभाई म्हणतील हे कुणी लिहून दिलं? मंग त्यांना मी दिसणारच नाय. तुम्हीच दिसताल."

मी पत्र घडी करून ठेवून दिलं. वाईट वाटलं नाही. दोन पानांचा कागद चांगला होता, एवढंच.

मग तालीम केली. मी फारूखभाई झाले.

"मॅडम, ते असं बसत नाहीत. पाय वर घेऊन बसतात."

"मी पाय वर घेणार नाही. बोल."

"फारूखभाई, मला पंचवीस हजार पाहिजेत, पण तुम्हाला जमत नसंल तर..."

"थांब! आकडा सांगितला की तोंड बंद. समोरचा बोलेपर्यंत एक अक्षर काढायचं नाही. शांतता झाली की लोक घाबरून बोलायला लागतात आणि स्वतःच स्वतःचा आकडा खाली आणतात."

"तुम्हाला जमतं का हो, गप बसायला?"

उद्धट. सहा वेळा करून घेतलं. सहाव्यांदा ती इतकी गप्प बसली, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ती मला रोजच ऐकू येते, पण दोघींनी ऐकली की वेगळी वाटते.

मराठीत एका कागदावर चार कलमं लिहिली. एक, टीम लीड हे पद शिक्क्यासह कागदावर. दोन, पगार पंचवीस हजार. तीन, टीमच्या प्रत्येक मशीनमागे शंभर रुपये. चार, जबाबदाऱ्या. चौथ्यात तिने स्वतः घातलं: एकाच घरातून तिसऱ्यांदा तक्रार आली, तर टीम लीड जातीने त्या घरी जाईल.

"खोड ते. सगळ्या शहराची कटकट गळ्यात घेशील."

"नाय मॅडम. दोनदा मेकॅनिक जाऊन आला म्हंजी तिसऱ्यांदा मशीनचं काही नसतं. तिथं माणूस पायजे असतो."

काय बोलते ही! मशीन बिघडतं म्हणून लोक तक्रार करतात. मी दोनदा सांगितलं, तिने खोडलं नाही.

जाताना आणखी एक गोष्ट सांगितली, अगदी चप्पल घालता घालता. फारूखभाईंचा भाचा तौफिक दुकानात काउंटर सांभाळतो. हे पद हिला देऊ केलं हे कळल्यावर आता त्यालाही टीम लीड व्हायचं आहे. महिनाअखेर ज्याची मशिनं जास्त, त्याच्याशी आधी बोलू, असं भाईंचं म्हणणं. आज ही सातवर, तो सहावर.

"हे तू शेवटी सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर तालीम झाली असती का?"

गुरुवार, १८ सप्टेंबर

आली नाही. आई तापाने पडली म्हणून पाचोडला गेली. फोन केला होता तसा. दोन कप काढून ठेवले होते, एक परत ठेवला.

पाण्याची पाळी होती. टाकी भरताना पाणी गढूळ आलं.

शनिवार, २७ सप्टेंबर

गेले दहा दिवस पाऊस, आमच्या पडेगावावरून दौलताबादकडे जाणाऱ्या बसही तुरळक. परवा, गुरुवारी, आली ती भिजून, दहा मिनिटंच बसली. पावसात लोक दार उघडत नाहीत म्हणाली. माणसं मात्र पावसात दुकानात शिरतात, त्यामुळे तौफिकची मशिनं वाढली. आज फोनवर विचारलं तर दोघं एकोणीसवर. तीन दिवस उरले.

"शेजारच्या गल्लीत मी बोलले आहे, कर्नलच्या बायकोला आणि त्या दात काढणाऱ्या डॉक्टरला," मी म्हटलं.

"मॅडम, त्यांच्याकडं आपण मार्चमधीच बसवलंय."

खरंच की. मीच त्यांना भरीला पाडलं होतं. या कॉलनीत माझ्या बोलण्यामुळे कोणाकोणाकडे ती मशिनं गेली, याचा मला हिशेब नाही. लोक घाण पाणी पितात ते मला बघवत नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

आज मी एक काम केलं आहे. लिहितानाही हसू येतं.

रिक्षा करून थेट शहागंजला, त्यांच्या दुकानात गेले. कोणालाच सांगितलं नाही. काउंटरवर कुरळ्या केसांचा एक सभ्य तरुण. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी मधलं मॉडेल निवडलं. एकोणीसचे वीस! संध्याकाळी यादी बघताना तिचा चेहरा कसा होईल, हेच सारखं डोळ्यांसमोर येत होतं.

पावती लिहिताना त्याने विचारलं, "किसके तरफ से आए मॅडम? आमच्या कोणी सांगितलं का?"

अशी चौकशी मला आवडत नाही. म्हटलं, "मी कोणाच्या तर्फे येत नाही. स्वतःच्या पायांनी येते."

"बराबर है," म्हणाला आणि लिहू लागला. आवडला मला मुलगा.

मंगळवार, ३० सप्टेंबर

दुपारी तिचा फोन.

"मॅडम, तुम्ही काल दुकानात आलता?"

"आले होते. सरप्राइज."

"तौफिकला माझं नाव सांगितलं का?"

त्या दुकानाची रीत अशी, की गिऱ्हाईक काउंटरवर आलं आणि कोणाचं नाव घेतलं नाही, तर मशीन काउंटरचं. तो कुरळ्या केसांचा मुलगाच तौफिक. तो वीस. ही एकोणीस.

मी म्हटलं, दुकान एक, मालक एक, मशीन एक, मला काय माहीत तुमच्या रीती! मी म्हटलं, ही पद्धतच मूर्खपणाची आहे. मी बरंच काही म्हटलं. ती म्हणाली, "व्हय मॅडम. असू द्या. तुम्ही माझ्यासाठीच केलं."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

विचारलं त्याला मी सरळ उत्तर का दिलं नाही? सुकेशनी एवढंच म्हणायचं होतं. चार अक्षरं.

बुधवार, १ ऑक्टोबर

सकाळी दहाला दुकानात जाऊन उभी राहिले. फारूखभाई खुर्चीत खरोखरच पाय वर घेऊन बसले होते. पांढरी दाढी, समोर चहा. सुकेशनी मला बघून दचकली. तौफिक काउंटरवर.

मी सुरुवात केली, "हे बघा, काल परवा जो प्रकार झाला..."

"मॅडम," सुकेशनी म्हणाली, "तुम्ही बसा. मी बोलते."

आयुष्यात मला असं फार थोड्या लोकांनी सांगितलं आहे. बसले.

तौफिक स्वतःहून म्हणाला, "मामू, मॅडमने नाम नहीं लिया था, इसलिए काउंटर लिखा. काटना है तो काट दो."

"काटू नका," सुकेशनी म्हणाली. "रीत हाय ती हाय. मशीन तौफिकभाईचंच. पर वही बघा एकदा."

वही म्हणजे फॉलो-अपचं रजिस्टर. फारूखभाईंनी चष्मा लावला, बोट फिरवत गेले आणि हसायलाच लागले. "पडेगाव, रत्नमाला मॅडम. अरे बाप रे! एक घर, चव्वेचाळीस चक्कर? और मशीन आखिर में काउंटर से गया! बेटा, टीम को यही सिखाएगी क्या?"

रजिस्टर माझ्या बाजूला कललेलं होतं, म्हणून मीही वाचलं. माझ्या नावासमोर शेऱ्याचा रकाना. सुरुवातीला, "विचार करते म्हणाल्या." पुढे, "चहा." "चहा. गुडघा दुखतोय." "चहा. आज बोलल्या नाहीत जास्त." आणि जानेवारीत कधीतरी, "घेणार नाहीत. तरी जाणे."

घेणार नाहीत! हे हिने परस्पर ठरवून टाकलं. आणि ठरवूनही पुढे आठ महिने मालकाच्या वेळेत येत राहिली. मी साहेब असते तर जाब विचारला असता.

"हेच शिकवणार," सुकेशनी म्हणाली. "आता त्या पानाच्या मागचं बघा. मॅडमच्या शब्दावर गेलेली मशिनं. कर्नलसाहेब, दाताचे डॉक्टर, चर्चमागच्या तीन घरी, शाळेच्या बाई. बावीस हायेत. चव्वेचाळीस चकरांत बावीस. तुमच्या पाच जणांतला नवा गडी पहिल्या नकाराला घरी जाईल, भाई. नकार दिलेल्या दारात परत कसं जायचं, ते त्याला कोण सांगणार?"

फारूखभाईंनी पाय खाली घेतले.

तिने चार कलमांचा कागद पुढे ठेवला. "टीम लीड, शिक्क्यासकट. पंचवीस हजार."

आणि गप्प बसली.

"पंधरा बोला था मैंने."

गप्प.

"अठरा. चलो, वीस. बाद में..."

गप्प. पंखा फिरत होता. बाहेर एक हातगाडीवाला सीताफळं ओरडत होता. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, चांगलं धारदार वाक्य, 'बाद में' या दोन शब्दांवर अकरा वर्षं घासलेलं. दातांखाली जीभ धरली. खरंच धरली, अजून दुखते आहे.

"बावीस," फारूखभाई म्हणाले. "और मशीन पे सौ. इससे ऊपर मेरे वालिद आ गए तो भी नहीं."

"कागदावर?"

"लिख रे तौफिक. शिक्का ला." मग माझ्याकडे बघून, "मॅडम, आप कुछ बोलोगे?"

मी नकारार्थी मान हलवली.

शिक्का बसला. चौथं कलम तसंच राहिलं. शिवाय भाईंनी पाचवं घातलं, की तिच्या जुन्या गिऱ्हाइकांची यादी टीमला वाटून द्यायची. तिने वाचलं, जरा थांबली आणि सही केली. तौफिकने सगळ्यांना पेढा दिला. मला दोन.

रिक्षात बसताना म्हणाली, "गप बसलात, मॅडम."

"मला काही बोलायचंच नव्हतं."

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. अजिनाथ नावाचा मेकॅनिक येऊन मशीन बसवून गेला. स्वयंपाकघरात माठाच्या वर. हिरवा दिवा लागतो. सुकेशनी आज येणार नाही, नव्या लोकांना घेऊन शेंद्र्याकडे गेली आहे. बरोबरच आहे. आता ती दारोदार फिरणारी नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पाणी बरं लागतं. चव नाही त्याला, पण बरं लागतं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

दुपारी साडेतीनला जाग आली. चार. सवाचार. फॉलो-अप कशाचा करणार, मशीन तर बसलं. हे मला आधी सुचलं नव्हतं असं नाही, पण मशीन घ्यायला निघाले त्या दिवशी रिक्षात हे डोक्यात नव्हतं.

अर्धा लिटर दूध जास्तीचं घेते ते बंद करायला हवं. विरजण लावलं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. सुदर्शनचा फोन, दोन मिनिटं दहा सेकंद.

सुकेशनीचाही आला. मागे माणसांचा गलका. "मॅडम, लई काम हाय. पाचही जण तुमच्यासारखेच, ऐकतच नाहीत! माझं कार्ड छापलं, टीम लीड लिहिलंय, तुम्हाला पाठवते." मी म्हटलं, "पगार जमा झाला की पावती तपासून घे." ती हो म्हणाली. कोणीतरी तिला हाक मारली. "ठेवते हां."

मला अभिमान वाटतो. तसं लिहून ठेवावं म्हणून लिहिते.

सोमवार, ३ नोव्हेंबर

कार्ड आलं, टपालाने. छपाई चांगली आहे. तिचं नाव, खाली टीम लीड. मशीनला टेकवून ठेवलं आहे.

मशीन आवाज करतं. नीट कान देऊन ऐकलं, तर करतं. दुकानाच्या तक्रार नंबरवर फोन केला. पैसे दिलेत आपण.

बुधवार, ५ नोव्हेंबर

अजिनाथ येऊन गेला. सगळं उघडून बघितलं. "मॅडम, मशीन ठणठणीत हाय."

"आवाज करतं."

"पाणी भरताना थोडा येतोच."

"थोडा म्हणजे किती, ते तू मला सांगू नकोस."

चहा विचारला. घाईत होता.

सोमवार, १० नोव्हेंबर

दुसरी तक्रार. अजिनाथ पुन्हा आला. या वेळी दहा मिनिटं मशीनसमोर स्टुलावर बसून राहिला, दोघांनी मिळून ऐकलं. काही ऐकू आलं नाही. ही हट्टी मशिनं नेमकी माणूस आला की शहाण्यासारखी वागतात.

जाताना वहीत लिहून गेला, 'दोष नाही.' दोषाबद्दल मी विचारलंच नव्हतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी अकराला फोन केला. दुकानात आता फोनवर लाइबा नावाची नवी मुलगी असते. आवाज गोड, पण वाक्य पूर्ण करत नाही.

"काय प्रॉब्लेम आहे मॅडम, मशीनचा?"

"आवाज."

"कधी येतो?"

"गुरुवारी. चारच्या सुमारास."

हसेल असं वाटलं. हसली नाही, लिहून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमची ही तिसरी आहे. मेकॅनिक नाही येणार आता. टीम लीडना यावं लागतं, नियम आहे."

"नियम आहे तर पाळा," मी म्हटलं.

उद्या गुरुवार. दूध अर्धा लिटर जास्त सांगितलं आहे, बिस्किटं आणली आहेत, बुडवायची असली तर बुडवू दे. फक्त एक अडचण आहे. ती मशीनसमोर उभी राहील, कान लावेल, आणि ते एक अक्षर बोलणार नाही. मग तिला काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.